शेवऱ्याच्या खाडीचा चार्ट

जयपूरला समुद्र नाही, हे आमच्या घरात एका माणसाला सोडून सगळ्यांना माहीत आहे. तो माणूस म्हणजे माझे यजमान, नंदकिशोर. बँकेच्या बदलीवर आम्ही इथे आलो त्याला आता एवढी वर्षं झाली की आमच्या मानसरोवर वस्तीतला भाजीवाला मला त्याच्या बोलीतच भाव सांगतो. पण हे अजून रोज सकाळी गच्चीवर जाऊन वारा पाहतात. "आज उत्तरेचा सुटलाय," असं खाली येऊन सांगतात. मी म्हणते, "सुटू द्या, पापड लवकर वाळतील." मी अमरावतीची. माझ्या माहेरी पाणी विहिरीत असायचं, आणि विहिरीच्या पाण्याला भरती-ओहोटीची नाटकं नसतात.

ह्यांचे वडील कोकणातल्या शेवरे गावचे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. लढाईच्या काळात ते सरकारी टगबोटीवर सुकाणू धरायला होते. लढाई संपल्यावर बोटीवरचं बरंच सामान भंगारात निघालं, त्यातून त्यांनी एक चार्ट घरी आणला. चार्ट म्हणजे समुद्राचा नकाशा. त्यात जमिनीला काही किंमत नाही, ती नुसती करडी कडा. पाण्यावर मात्र मुंग्या पसराव्यात तसे आकडे, कुठे किती वाव खोल ते सांगणारे. दोन्ही हात पसरले की एक वाव होतो, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शिकवण्यात आलं. खडकांच्या जागी बारीक फुल्या. हा चार्ट शेवऱ्याच्याच खाडीचा होता. वेळ पडली तर लढाईतल्या लहान बोटींना आत शिरून लपता यावं, म्हणून काढलेला.

त्यावर अण्णांच्या हातची एक खूण होती. पूर्वी कचेऱ्यांतून कॉपिंग पेन्सिल असे, जिभेला लावली की जांभळी उठणारी. त्या पेन्सिलीने त्यांनी पाण्यात एक लहान वर्तुळ काढलं होतं, काठाला लागून, दोन फुल्यांच्या शेजारी. लढाई संपल्यावर उरलेले तोफगोळे खोल समुद्रात नेऊन बुडवायचं काम निघालं होतं. अण्णांची टगबोट गोळ्यांनी भरलेला पडाव, म्हणजे माल वाहायची बिनइंजिनाची होडी, ओढत निघाली. वारा फिरला, पडावात पाणी भरायला लागलं आणि बरोबरच्या साहेबाचा धीर सुटला. त्याने पडाव माघारी खाडीत आणवला, सगळा माल तिथेच पाण्यात लोटायला लावला आणि वर कळवलं की खोल समुद्रात टाकला. अण्णांना त्याने तोंड बंद ठेवायला सांगितलं. नोकरीत असेपर्यंत अण्णांनी ते ठेवलं. पण चार्टवर खूण केली, कारण चार्टवर खोटं ठेवलं तर माणसं मरतात, असं ते म्हणत.

हा चार्ट वर्षातून एकदाच, दसऱ्याला, पत्र्याच्या नळकांड्यातून बाहेर निघायचा. इतरांकडे पाटी-पुस्तकं पुजतात, हत्यारं पुजतात, स्कूटरला हार घालतात. आमच्याकडे देव्हाऱ्यासमोर पाटावर चार्ट. त्याला हळदकुंकू, झेंडू, आणि आपट्याची पानं, जी जयपुरात शोधताना माझी अख्खी सकाळ जाते. अण्णांचा एक दंडक होता. चार्ट देवांच्या बाजूने सुलट मांडायचा. देवांना तो नीट वाचता आला पाहिजे, आपल्याला पाटावर बसून कुठे बोट हाकायची आहे? त्यामुळे पूजेला बसणाऱ्याला तो उलटा दिसे. ह्यांनी लहानपणापासून तो तसाच पाहिला, आणि अण्णा गेल्यावर स्वतःही तसाच मांडत आले. पूजा झाली की त्या जांभळ्या खुणेवर बोट ठेवून गोष्ट सांगायची, चार अक्षता टाकायच्या आणि चार्ट पुन्हा नळकांड्यात. मी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की ती मला पुराणातल्यासारखी वाटायची. खरी असेलही, पण आपल्या अंगाला लागणारी नव्हे.

आमचा मुलगा वरुण जयपुरातच वाढला. पोहता येत नाही, मराठी बोलताना मध्येच हिंदीत घसरतो. सिव्हिल इंजिनिअर झाला, काही वर्षं पूल आणि रस्ते केले, आणि मग खाड्यांतला गाळ काढणाऱ्या एका कंत्राटदाराकडे लागला. मी म्हटलं, बापाने गच्चीवरून समुद्र पाहिला, लेक आता खरोखर चिखलात उतरणार. ह्या पावसाळ्यानंतर त्याला नवी साइट मिळाली, ती नेमकी शेवऱ्याची खाडी. मच्छीमारांच्या धक्क्यापर्यंत मोठ्या होड्या याव्यात म्हणून ती खोल करायची होती. हे तर आनंदाने वेडे झाले. "घराणं परत पाण्याला लागलं," असं शेजारच्या शर्माजींनासुद्धा सांगून आले. त्या बिचाऱ्यांना वाटलं आमच्याकडे नळाचं कनेक्शन नवीन घेतलं.

तोफगोळ्यांची आठवण तेव्हा आमच्यापैकी एकालाही झाली नाही. मला याचा राग येतो, अजून येतो. तो चार्ट त्याच खाडीचा, ती गोष्ट त्याच पाण्याची, आणि दसऱ्याला आम्ही त्या खुणेवर अक्षता टाकून, श्रीखंड खाऊन, वरुणला फोनवर सोनं घे म्हणून मोकळे झालो.

नोव्हेंबरात ह्यांची पंच्याहत्तरी होती. वरुणची बायको कस्तुरी आमच्याजवळच असते, इथल्या शाळेत शिकवते. मुलगी गुणी आहे, फक्त कोणाला न सांगता आनंद द्यायची तिला हौस फार. तिने गुपचूप तो चार्ट नळकांड्यातून काढला आणि झोटवाड्यातल्या एका स्टुडिओत नीट करून फ्रेम करायला दिला. वर्षानुवर्षांच्या हळदीने त्याचा पार पंचा झाला होता, तेव्हा तिला तसं वाटलं यात तिचं काय चुकलं, असं मी आजही म्हणेन.

दुपारी आमच्या ओळखीची मराठी मंडळी जमली होती. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळून झालं आणि कस्तुरीने फ्रेमवरचा कागद काढला. बघण्यासारखंच काम झालं होतं. कागद सायीच्या रंगाचा, रेघा काळ्याभोर, सागवानी चौकट, वर काच. सगळे वा वा करायला लागले. कोणीतरी म्हणालं, "नंदूशेठ, ती गोळ्यांची गोष्ट होऊन जाऊ द्या." हे तर वाटच बघत होते. चष्मा पुसला, बोट पुढे केलं, आणि बोट काचेवरून नुसतंच फिरत राहिलं.

"खूण कुठाय?" ह्यांनी विचारलं.

"कुठली, बाबा?" कस्तुरी म्हणाली.

"जांभळी. अण्णांची."

कस्तुरीने फ्रेमजवळ येऊन पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "मी त्यांना फक्त डाग काढायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "खूण काढा असं नव्हतं म्हटलं, बाबा. खरंच."

हे चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं, मी दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. ते म्हणाले, "राहू दे गं, छान झालंय." मग पाहुणे जाईपर्यंत पानातली बासुंदी तशीच ठेवून बसले. सगळे गेल्यावर मी भांडी आवरत होते, तर मला हाक मारली.

"विभा, वरुण कुठल्या खाडीत आहे?"

"असं काय विचारून राहिले? शेवऱ्याच्या," मी म्हटलं, आणि हातातली वाटी हातातच राहिली.

आम्ही लगेच वरुणला फोन लावला. स्पीकरवर ठेवला. ह्यांनी त्याला सगळं पुन्हा सांगितलं, पडाव, साहेब, खूण. तो आधी हसला. मग बापाच्या आवाजातलं काही त्याच्या कानाला लागलं असावं.

"बाबा, सर्व्हे झालाय ना," तो म्हणाला. "मतलब, खोली मोजलीय, गाळाचे नमुने तपासलेत."

"लोखंड शोधलंय का?"

"ते ह्या कामात नव्हतं. सरकारी चार्टवर गोळे टाकायची जागा आहे, पण ती लांब समुद्रात दाखवलीय."

"तीच तर थाप आहे. साहेबाची."

"गावात कोणाला माहीत असेल का?"

"ज्यांना अण्णांनी सांगितलं होतं ते सगळे गेले."

वरुण म्हणाला, "बाबा, घरच्या गोष्टीवरून पूर्ण खाडी कोणी थांबवणार नाही. मी बोललो तर मला हसतील. पण जागा सांगा. एक जागा. मशीन आलंय, एक-दोन दिवसांत सुरू करायचंय. कुठल्या काठाने सुरू करायचं ते माझ्या हातात आहे. तेवढा भाग मी शेवटाला ठेवतो, आणि तोवर तपासणीचं बघतो."

एवढंच मागत होता तो. एक जागा. आणि ती जागा आमच्या घरात ऐंशी वर्षं लिहून ठेवलेली होती, परवापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरीला घेऊन मी झोटवाड्याला गेले. सलोनी नावाच्या मुलीचा तो स्टुडिओ. एका बाजूला नव्या कागदावर चहाचं पाणी मारून त्याला जुनं करत होते, दुसऱ्या बाजूला जुन्या कागदाला धुऊन नवं करत होते. हॉटेलवाले दोन्ही घेतात म्हणे. मुलगी तशी बोलायला गोड होती. आमचा चार्ट तिला चांगला आठवत होता.

"आंटीजी, उसमें तो हल्दी, कुमकुम, तेल, सब कुछ था," ती म्हणाली. "हमने दो दिन पानी में रखा. छपाई की स्याही पक्की थी, उसको कुछ नहीं हुआ."

"और वो बैंगनी निशान?"

"वो तो पानी लगते ही छूट गया. पूरा टब बैंगनी हो गया था. मुझे लगा किसी बच्चे ने पेन चलाया होगा."

"धोने से पहले फोटो लिया था?" कस्तुरीने विचारलं.

"ऐसे छोटे काम का नहीं लेते, दीदी. वो पानी भी फेंक दिया."

मी तिच्यावर ओरडायचं ठरवून गेले होते, पण ओरडणार काय? तिने जे करायचे पैसे घेतले तेच केलं होतं. परत येताना मेट्रोत कस्तुरी खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर म्हणाली, "आई, वरुणला काही झालं तर?" मी म्हटलं, "तोंडातून अभद्र काढू नको."

घरी आलो तर ह्यांनी फ्रेम दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली होती आणि समोर उभे होते. आमच्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं.

"नाही मिळाली ना?" ते म्हणाले. "नको मिळू दे. मला ठाऊक आहे ती. जन्मभर बोट ठेवलंय मी तिच्यावर."

"नक्की?" मी विचारलं.

"उजव्या हाताला, खाली. काठाला लागून. दोन फुल्यांशेजारी." आणि त्यांनी काचेवर बोट ठेवलं. खालच्या बाजूला, उजवीकडे, जिथे खाडी वळण घेते. तिथे फुल्या होत्याही. कस्तुरीने बोटासकट फोटो काढला आणि वरुणला पाठवला.

वरुणचा फोन आला. "दक्षिणेचा काठ, वळणाजवळ. बाबा, तुमच्या बोटाच्या टोकाखाली दोनशे मीटर लांबीचा काठ झाकला जातो."

"तेवढं सगळं सोड," हे म्हणाले.

"सोडतो. उत्तरेच्या काठाने सुरू करतो. आमच्या कंपनीच्या साहेबांना सांगतो की दक्षिणेला कोळ्यांची जाळी आहेत."

फोन ठेवल्यावर ह्यांनी मागून घेऊन जेवण केलं. कस्तुरी रडली आणि मग हसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? एवढ्या वर्षांत ह्यांच्या समुद्राचा पहिल्यांदाच घराला काही उपयोग झाला होता. दुसऱ्या दिवशी वरुणने मशीनचा फोटो पाठवला. पाण्यावर तरंगणारा लोखंडी सांगाडा, पुढे तळाशी जाणारा जाड पाईप, आणि मागे उंच काळा कडा. खाली लिहिलं होतं, "नॉर्थ साइड, सेफ."

पण हे काही स्वस्थ नव्हते. येता-जाता फ्रेमपाशी थांबायचे. मान एका खांद्यावर टाकून बघायचे. वर्तमानपत्र घेऊन बसायचे ते तिच्याकडे तोंड करून. मी एकदा म्हटलं, "मान कशापायी वाकडी करता? आखडली तर मलाच चोळावं लागेल."

"काही नाही गं," ते म्हणाले. "ओळखीचा वाटत नाही."

"धुतलाय ना. आंघोळ घातल्यावर पोरगं पण ओळखू येत नाही."

मी चेष्टा केली खरी, पण मला ते आवडलं नव्हतं. जो माणूस जन्मभर त्या कागदावर बोलत आला, त्याने तो अनोळखी म्हणावा?

त्यानंतरच्या सकाळी मी देवापुढे दिवा लावत होते. कस्तुरी शाळेत गेली होती. हे दारात येऊन उभे राहिले. गच्चीवरही गेले नव्हते, दाढीही केलेली नव्हती.

"विभा, फुल्या खुणेच्या वर होत्या की खाली?"

"मला काय विचारता? मी तर तिकडे बघतच नव्हते," मी म्हटलं. "परवा तर मोठं नक्की म्हणून बोट ठेवलं तुम्ही."

"ठेवलं. पण इथे पाटाशी बसून हात जातो तो वेगळा जातो. भिंतीवर हात जातच नाही, डोकं सांगतं म्हणून ठेवावा लागतो."

माझ्या हातात काडेपेटी होती. ती मी खाली ठेवली. पाटाकडे पाहिलं, देवांकडे पाहिलं, आणि मला एकदम कळलं. हे कोणाला समजवावं लागू नये इतकं ते साधं होतं. चार्ट भिंतीवर सुलट टांगलेला होता. जगात सगळे तो तसाच टांगतील. आणि ह्यांनी तो उभ्या आयुष्यात कधी सुलट पाहिलेला नव्हता.

"फ्रेम काढून आणा," मी म्हटलं.

ते आणेपर्यंत मी पाट मांडला. फ्रेम जड होती, दोघांनी धरून ती देवांच्या बाजूने सुलट ठेवली, दसऱ्याला ठेवतात तशी. मध्ये काच नको म्हणाले. मी सुरी आणून मागचे बारीक खिळे उचकटले, माझं बोट कापलं, पण चार्ट बाहेर काढला. ते पाटाच्या अलीकडे मांडी घालून बसले. मी म्हटलं, "विचार करू नका. गोष्ट सांगा."

"काय सांगू?"

"नेहमीची. अण्णांची."

त्यांनी डोळे मिटले. "वारा फिरला," ते म्हणाले, "आणि पडावात पाणी भरायला लागलं. साहेबाचा धीर सुटला." अक्षता घेताना उचलतात तसा त्यांचा हात उचलला गेला आणि बोट कागदावर टेकलं. उजव्या गुडघ्याजवळ, काठाला लागून, दोन फुल्यांच्या शेजारी. तिथेही फुल्या होत्या. त्या खाडीला दोन्ही काठांना खडक आहेत.

"बोट हलवू नका," मी म्हटलं, आणि उठून पाटाच्या पलीकडे, देवांच्या बाजूला गेले. तिथून मी कागद पाहिला. बोट वरती होतं, डावीकडे. उत्तरेचा काठ, उंच कड्याच्या पायथ्याशी.

मी वाकून त्यांचं बोट बाजूला केलं आणि माझं तिथे फिरवलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण पेन्सिल दाबून फिरवलेली होती, आणि पाण्याने रंग जातो, चर जात नाही. बोटाला एक गोल लागला. मी त्यांचं बोट धरून त्यावरून फिरवलं. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आणि पुन्हा पाहायची माझी तयारी नाही.

मी वरुणला फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्याने उचलला. मागून इंजिनाची घरघर येत होती, आणि तिच्यावर ठण, ठण, असा दुसरा आवाज.

"आई, जोरात बोल," तो म्हणाला. "इथे काही ऐकू येत नाही."

"वरुण, काम थांबव. बाबांनी चुकीची जागा सांगितली होती. खूण उत्तरेला आहे."

"काय?"

"उत्तरेला. कड्याखाली. तू आहेस तिथे."

ठण.

"काम थांबलेलंच आहे, आई," तो म्हणाला. "सकाळपासून पाईपाच्या तोंडात काहीतरी अडकलंय. तोंड वर घेतलंय. लोखंडाचं आहे काहीतरी, घणाने ठोकून काढतायत."

ह्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "घण थांबव," ते म्हणाले. ओरडले नाहीत. "वरुण, आधी घण थांबव."

फोनमधून वरुणची आरोळी आली, "रोको! हथौड़ा रोको, पीछे हटो!" आणखी एक ठण झाला. मग तो आवाज बंद झाला. इंजिनाची घरघर तेवढी राहिली.

वरुण बोलला तेव्हा अगदी हळू बोलला, जणू जोरात बोलल्याने काही बिघडेल. "बाबा, लांबट आहे. वर शिंपले चिकटलेत. टोक जिथे ठोकलं तिथे पिवळं दिसतंय, पितळ आहे. अर्धं पाईपात आहे, अर्धं बाहेर." मग म्हणाला, "अण्णा आजोबा काय सांगायचे? हे निघालं तर काय करायचं?"

हे माझ्याकडे बघायला लागले. समुद्राबद्दल विचारलं आणि ह्यांच्यापाशी उत्तर नाही, असं आमच्या संसारात कधी झालं नव्हतं. वाऱ्याचं, वावांचं, अमावास्येच्या उधाणाचं, सगळ्याचं असे. पण अण्णांनी जागा सांगितली होती. पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"अण्णांनी काही सांगितलं नाही रे," हे म्हणाले.

मी फोनवर वाकले. "तू निघ तिथून. ऐकू येतं का तुला? सगळ्यांना घे अन् होडीत बस अन् निघ."

"दोघं जण खाली इंजिनरूममध्ये आहेत," वरुण म्हणाला. "त्यांना हाक ऐकू येणार नाही. त्यांना घेऊन येतो, आई."

त्याने फोन कुठेतरी खाली ठेवला, बंद केला नाही. लोखंडी पत्र्यावरून त्याची पावलं लांब जाताना ऐकू आली, मग तीही ऐकू येईनाशी झाली. आम्ही पाटाच्या दोन बाजूंना बसून होतो, मध्ये चार्ट आणि त्यावर फोन. आतून फक्त इंजिनाची घरघर येत होती. कोणीतरी ते इंजिन बंद करावं, एवढंच मला वाटत होतं.